देवाने दिलेला चेहरा

मिस्साबलीत ख्रिस्तशरीर देताना धर्मगुरूला माणसांचे चेहरे फार जवळून दिसतात. कारखान्यातील रात्रपाळी संपवून तसाच रविवारच्या पहिल्या मिस्साला आलेला तांबारलेल्या डोळ्यांचा कामगार, नुकतीच नातवंडांची वेणीफणी उरकून आलेली आजी, पहिल्या ख्रिस्तशरीरासाठी जीभ किती बाहेर काढावी या विवंचनेतले बालक, सारेच हातभर अंतरावरून आमच्यापुढून सरकत असतात. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीचा चेहरा मात्र चार वर्षांत आम्हांला पुरता दिसला नव्हता. नाकावरून घेतलेली ओढणी ती क्षणभरच बाजूला करी, ख्रिस्तशरीर तळहातावर स्वीकारी आणि पाठ वळवून मुखात घेई. पिंपरी-चिंचवडच्या धुळीत आणि दुचाकींच्या गर्दीत तोंड बांधून फिरणाऱ्या मुली पावलोपावली भेटतात. त्यामुळे या ओढणीचे आम्हांला कधी नवल वाटले नाही.

एके संध्याकाळी तिने आमच्या कार्यालयात येऊन विचारले, "फादर, नाकाचं ऑपरेशन करून घेणं पाप आहे का?" तिचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. तान्हेपणी तो शिवून घेतला होता. पण ओठावर वण राहिला आणि नाकाची डावी बाजू बसकी व तिरपी राहिली. आता ती पंचविशी ओलांडून चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करीत होती. पुढच्या आठवड्यात पुण्यातील एका प्लास्टिक सर्जनची भेट ठरली होती. आम्हांला एका घरी जपमाळेच्या प्रार्थनेला जाण्याची घाई होती. आम्ही दोन मिनिटांत उत्तर दिले: माणूस बाह्यरूप पाहतो, देव अंतःकरण पाहतो; शमुवेल संदेष्ट्याला देवाने हेच शिकवले नाही का? ती शांतपणे म्हणाली, "देव मन पाहतो हे मला पाठ आहे, फादर. पण कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी देव बसत नाही. माणसं बसतात. नाहीतर जागा सोडून उठतात."

त्या रात्री प्रार्थनेत आमचे मन लागले नाही. आमचे उत्तर शास्त्राला धरून होते, तरी ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. जे वचन देवाने आपल्या पाहण्याला सुधारण्यासाठी दिले, ते आम्ही पाहिल्या जाणाऱ्या मुलीचे तोंड बंद करण्यासाठी वापरले होते. पुढे तिच्याशी आणि तिच्या आईशी पुष्कळ बोलणे झाले. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने आम्ही हे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न आता एका मुलीचा राहिलेला नाही. दाताला तार लावण्यापासून नाक, हनुवटी, पापण्या बदलून घेण्यापर्यंतच्या गोष्टी एके काळी सिनेनटींच्या मानल्या जात. आज निगडी, पिंपळे सौदागर येथील रस्त्यांवर त्यांचे फलक लागलेले आहेत आणि हप्त्यांची सोयही आहे. आपल्या कुटुंबांतून हा विचार निघतो तेव्हा तो एक तर हसण्यावारी नेला जातो, नाही तर "देवाने दिलेला चेहरा बदलायचा?" एवढ्या एका वाक्याने मिटवला जातो.

हे वाक्य ऐकायला भक्तीचे वाटते. पण त्याच न्यायाने पाहिले तर चष्मा लावणे, वाकडा पाय सरळ करून घेणे, किंबहुना दुभंगलेला ओठ शिवणे हेही देवाच्या इच्छेविरुद्ध ठरेल. प्रभू येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला हे देवाने दिले आहे, सांभाळ, असे सांगितले नाही. त्याने हात पुढे करायला सांगितले. शरीर ही देवाची देणगी आहे, म्हणजेच ती आपल्या हवाली केलेली ठेव आहे. ठेव जपणे, मोडली तर दुरुस्त करणे हे कारभाऱ्याचे कामच आहे. मात्र ठेव उधळण्याचा अधिकारही कारभाऱ्याला नाही. प्रश्न खरा या दोहोंमधल्या जागेचा आहे.

या विद्येचा एक मोठा अध्याय आपल्याच परिसरात घडला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी बैल हाकीत होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ वीटकऱ्याच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा नमुना नाकाच्या जागी बसवून पाहायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमधला एक चिंचोळा पट्टा मात्र तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त वाहते राहते. आणि ती कातडी पिळून खाली वळवून नाकाच्या जागी जोडायची. ही रीत सुश्रुताच्या परंपरेतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, आणि पाश्चात्य जगात ही विद्या नव्याने रुजली. 'प्लास्टिक' हा शब्दही मुळात आकार देणे, घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला आहे. हाताखाली बिघडलेले भांडे टाकून न देता त्याच मातीचे पुन्हा दुसरे घडवणारा कुंभार यिर्मया संदेष्ट्याने पाहिला होता. पुण्याच्या त्या वीटकऱ्याने यिर्मया वाचला असण्याचा संभव नाही, परंतु काम त्याच जातीचे केले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात डॉ. नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. औषधाने कुष्ठरोग बरा होतो. पण बसलेले नाक, गळालेल्या भुवया आणि वाकडी बोटे मागे राहतात. रोगजंतू गेले तरी चेहरा जुनी बातमी सांगत राहतो, आणि गाव दार उघडीत नाही. अशा माणसाचे नाक उभे करणे म्हणजे त्याला घरी परत पाठवणे होते. याला केवळ नटणे कोण म्हणेल? शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला प्रभूने याजकाकडे पाठवले, ते याचसाठी नव्हे काय? समाजाने त्याला पुन्हा आत घ्यावे हाही त्या बरे करण्याचा भाग होता.

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. पोप पायस बारावे यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी इटलीतील प्लास्टिक सर्जनांच्या राष्ट्रीय परिषदेपुढे याच प्रश्नावर भाषण केले. त्यानंतर पाचच दिवसांनी ते प्रभुघरी गेले. त्यांच्या शिकवणीचा सारांश आमच्या शब्दांत असा: शारीरिक सौंदर्य हे खरोखरीचे चांगले आहे, मात्र ते सर्वांत वरचे नाही; त्याहून वरच्या गोष्टींच्या ते अधीन असले पाहिजे. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया स्वतः पाप नाही आणि स्वतः पुण्यही नाही. हेतू शुद्ध असावा, आरोग्याला गंभीर धोका नसावा आणि योजलेल्या उपायाच्या मानाने कारण पुरेसे असावे. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी, न्यायापासून तोंड लपवण्यासाठी, अवयवाच्या कार्याला इजा करून किंवा निव्वळ लहरीपोटी वा फॅशनपोटी केलेली शस्त्रक्रिया त्यांनी अयोग्य ठरवली. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही हाच तोल आहे. देहाच्या जीवनाचा मान राखा, पण देहाची मूर्ती करून तिची पूजा मांडू नका, असे तेथे परिच्छेद २२८९ मध्ये शिकवले आहे.

देहाच्या या पूजेची जाणीव आम्हांला आणखी एका भेटीत झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून शिकाऊ म्हणून लागलेला एक तरुण आमच्याकडे आला. नाक सरळ, चेहरा तरतरीत. पण त्याला नाक बारीक करून हवे होते, आणि त्यासाठी तो कर्ज काढायला निघाला होता. आपल्या नाकाचा पुरावा म्हणून त्याने मोबाइलमधील स्वतःची शेकड्यांनी छायाचित्रे दाखवली. हातभरही अंतर नसताना काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षाहून बरेच रुंद दिसते. एक फुटावरून ते सुमारे तीस टक्के रुंद दिसते असे अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ साली मांडले आहे. म्हणजे हा मुलगा नसलेल्या नाकावर शस्त्रक्रिया करू पाहत होता. आपल्यातील क्षुल्लक वा काल्पनिक व्यंगाने माणूस तासन्‌तास ग्रासला जाणे हा एक मानसिक विकारही आहे, आणि त्यात शस्त्रक्रियेने सहसा समाधान लाभत नाही. एक अवयव झाला की दुसरा खुपू लागतो. विवेकी सर्जन अशा रुग्णाला परत पाठवतो किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगतो. त्या तरुणाला आम्ही हसलो नाही. कारण त्याचे दुःख खोटे नव्हते, केवळ त्याचा पत्ता चुकला होता.

या दोघांना एकच नियम लावता येणार नाही हे उघड आहे. म्हणून डॉक्टरांच्या भेटीपूर्वीची तयारी हीच आम्हांला या प्रश्नातली महत्त्वाची पायरी वाटू लागली. पापनिवेदनापूर्वी आपण विवेकपरीक्षण करतो. येथेही तसेच काही हवे. त्या मुलीला आम्ही तीन कागद लिहायला सांगितले, आणि जे तिला सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो.

पहिला कागद स्वतःसाठी. मला नेमके काय खुपते? कधीपासून? ते मला वाटते, की कोणी मला वाटायला लावले? लग्न जमावे, नवरा परत यावा, नोकरी मिळावी, एवढ्यासाठीच हे करीत असेन आणि तसे घडले नाही, तर मी या नव्या चेहऱ्यासह समाधानाने राहीन का? यासाठी लागणारा पैसा कोणाच्या ताटातला आहे? मुलीच्या घरी धाकट्या भावाच्या पदविकेचे शुल्क भरायचे होते. पोप पायस यांनी सांगितलेले कारणाचे प्रमाण घरोघरी याच हिशेबात तपासायचे असते.

दुसरा कागद डॉक्टरांसाठी. पूर्वीच्या शस्त्रक्रियांची जुनी कागदपत्रे, असलेले आजार, कशाची ॲलर्जी, चालू असलेली औषधे, विशेषतः ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी. वैद्यांची चूर्णे आणि गोळ्यासुद्धा. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांविषयी संकोच न बाळगता खरे सांगावे. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जोडलेली कातडी जगत नाही. श्वास घेताना नाकपुडी बंद वाटते का, तेही लिहावे. दुभंगलेल्या ओठाच्या रुग्णांत नाकातील पडदा पुष्कळदा वाकडा असतो, आणि तेथे रूप व श्वास हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत.

तिसरा कागद प्रश्नांचा. डॉक्टर एम.एस. नंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेले आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंद आहे का? शस्त्रक्रिया कोठे होणार, भूल कोण देणार, काही बिघडले तर तेथे सोय काय? वण कोठे राहील? काय साधेल आणि काय साधणार नाही? दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली तर खर्च कोणाचा? कामावर केव्हा जाता येईल, हेल्मेट आणि चष्मा केव्हा वापरता येईल? विम्यात बसते की नाही, हे लेखी विचारावे. दुभंगलेल्या ओठांवर मोफत उपचार करणारी रुग्णालयेही आहेत, त्यांचा शोध आधी घ्यावा. नाकाची सूज पुरती उतरून अंतिम आकार दिसायला वर्षभर लागू शकते, हे ध्यानात असावे. सोबत घरचे एक माणूस न्यावे. आज पैसे भरले तर सवलत, असे कोणी म्हणाले तर उठून घरी यावे. निर्णय त्या दिवशी घेऊ नये.

भेटीच्या दिवशी मायलेकींच्या आग्रहावरून आम्ही बरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी तीनही कागद शांतपणे वाचले. नाकाच्या आतून बराच वेळ तपासले. म्हणाल्या, श्वास नक्की सुधारेल. नाक पुष्कळ सरळ होईल, पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत. ओठावरचा वण फिकट होईल, पुसला जाणार नाही. इतक्या स्पष्ट शब्दांत आम्ही कधी प्रवचनही दिले नसेल. मग त्यांनी सहज विचारले, "घरात आणखी कोणाला असं होतं का?" आणि आजवर गप्प असलेली आई एकाएकी रडू लागली.

"कुणाला नव्हतं, बाई. माझ्याच हातून झालं. पाचवा महिना होता. गिराण लागलं तव्हा मी विळीवर भाजी चिरली. सासूबाई नको म्हणत होत्या."

हे कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले. ते ग्रहण म्हणजे ११ ऑगस्ट १९९९ च्या संध्याकाळचे सूर्यग्रहण. मुलीचा जन्म पुढच्या जानेवारीतला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक फिसकटलेल्या स्थळाच्या वेळी ती विळी या आईच्या कपाळी मारली गेली होती. ती दर वर्षी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला अनवाणी जाई, ते कशाचे प्रायश्चित्त म्हणून, हे तिचा धर्मगुरू असून आम्ही कधी विचारले नव्हते.

डॉक्टरबाईंनी कागदावर महिने मांडले. बाळाचा ओठ गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. कित्येक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे पुरते उमगलेलेही नसते. म्हणजे जून महिन्याच्या सुरुवातीलाच जे व्हायचे ते होऊन गेले होते. ग्रहण त्यानंतर दोन महिन्यांनी लागले. "तुम्ही भाजी चिरली तेव्हा ओठाचं काम कधीच संपलं होतं, ताई. जगात साधारण सातशे बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. कुठे ग्रहण असतं, कुठे नसतं." आईने तो कागद मागून घेतला. मुलीने आईकडे पाहिले, आणि प्रथमच आम्हांला तिचा चेहरा ओढणीवाचून, पुरता, पुष्कळ वेळ दिसला. कारण त्या क्षणी तिला त्याचा विसर पडला होता.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही त्या आरोपातून मोकळे केले, आणि मग लगेच माती कालवून तो कामाला लागला. आधी दोष उतरवला, नंतर डोळे उघडले. आम्ही मात्र वर्षानुवर्षे पापपुण्याचा प्रश्न त्या मुलीच्या नाकाभोवती फिरवीत राहिलो. आणि खरे पाप होते ते विळीची गोष्ट सांगणाऱ्या जिभांचे, बसमधून उठून जाणाऱ्यांचे, आणि दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या आमचे.

कारण चेहरा ही केवळ ज्याची त्याची वस्तू नसते. आपला चेहरा आपल्याला आरशावाचून दिसत नाही. तो असतो समोरच्यासाठी. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथे डॉ. हॅरोल्ड गिलिस उपचार करीत. त्या गावातील काही बाके निळ्या रंगाने रंगवलेली होती; तेथे असे सैनिक बसतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच कळावे आणि त्याने दचकू नये म्हणून. व्यवस्था दयेची होती. पण तिने एक कबुलीही दिली, की शस्त्रक्रिया जखमेवर करता येते, पाहणाऱ्याच्या नजरेवर नाही. ती नजर सुधारण्याचे काम डॉक्टरांचे नव्हे, ते धर्मग्रामाचे आहे. आपल्या मंदिरातली कितीतरी बाके न रंगवताच निळी आहेत.

आम्ही त्या मुलीला शेवटी काय सांगितले? शस्त्रक्रिया कर किंवा करू नकोस, यांपैकी काहीच नाही. हेतू तिने तपासला होता, धोका समजून घेतला होता, खर्चाचे प्रमाण घरात बसून ठरवले होते. ख्रिस्तसभा याहून अधिक काय मागते? दोन महिन्यांनी तिने कळवले की भावाची पदविका पूर्ण झाल्यावर, मोफत उपचारांच्या एका रुग्णालयात ती शस्त्रक्रिया करून घेईल. नाही म्हणाली असती तरी आमचा आशीर्वाद तिला तेवढाच असता. पुनरुत्थित प्रभूच्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि थोमाने त्याला त्यांवरूनच ओळखले. तेव्हा वण बाळगणे ही लाज नव्हे, आणि वणावर उपचार करणे हीही लाज नव्हे.

मुलीची ओढणी अजून नाकावर असते. आई मात्र यंदा हरेगावच्या यात्रेत डॉक्टरबाईंचा तो कागद घेऊन गेली आणि तिने तो जावांना, नणंदांना वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. पण महिने तिला पाठ झाले आहेत.